फाइल आहे, चित्र नाही : ॲनिमेशनच्या एका खिडकीचे परीक्षण

परीक्षण पुस्तकाचे होते, नाटकाचे होते, चित्रपटाचे होते. संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या एखाद्या लहानशा खिडकीचे परीक्षण करावे, असे सहसा कोणाला सुचत नाही. या लेखात मात्र तेच करायचे आहे. ही खिडकी म्हणजे ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधील ‘एक्स्पोर्ट’ची, अर्थात निर्यातीची खिडकी. मुलांनी तयार केलेले चलच्चित्र सॉफ्टवेअरच्या बाहेर काढून त्याची व्हिडिओ फाइल करायची, ती येथूनच.

शाळांमध्ये ॲनिमेशन आता नवखे राहिलेले नाही. ब्लेंडर, पेन्सिलटूडी, सिनफिग, ओपनटून्झ ही सारी सॉफ्टवेअर मुक्त आणि विनामूल्य आहेत. जपानच्या स्टुडिओ घिबलीत वापरले गेलेले ‘टून्झ’ २०१६ साली ‘ओपनटून्झ’ या नावाने सर्वांना खुले झाले. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात ब्लेंडर आणि सिनफिग यांवरचे पाठ आहेत. केरळमधील शाळांत २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या मंडळांतून मुले मुक्त सॉफ्टवेअरवर ॲनिमेशन शिकत आहेत. जलचक्र, पेशीविभाजन, चंद्राच्या कला असे फळ्यावर दाखवायला अवघड विषय मुले स्वतः हलवून दाखवतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

मग अडते कोठे? बहुधा शेवटच्या पायरीवर. सॉफ्टवेअरमध्ये हलणारे चित्र ‘एक्स्पोर्ट’ केले जाते, फाइल तयार होते, तिला नाव मिळते, तिचा आकारही दिसतो. दुसऱ्या संगणकावर ती उघडली की नुसता काळा पडदा, किंवा ‘ही फाइल चालवता येत नाही’ असा संदेश. एका विज्ञान प्रदर्शनाला पाहुणा म्हणून गेलो असता एका विद्यार्थिनीच्या ग्रहणावरील चलच्चित्राचे असेच झाले. तिच्या वहीत प्रत्येक चित्रातील चंद्राचे स्थान मोजून लिहिलेले होते. सादरीकरण चालले नाही म्हणून त्या रकान्यात मात्र तिला शून्य गुण पडले. तिने केलेले मोजमाप चूक नव्हते, रेखाटन चूक नव्हते. चूक कोणाची होती, हा प्रश्न तेथे कोणी विचारलाच नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शाळेतले पूर्वदर्शन, म्हणजे ‘प्रिव्ह्यू’, हे निरीक्षणाचे साधन आहे. आपण जे हलवले ते हवे तसे हलते का, हे पाहून दुरुस्ती करण्यासाठी ते असते. निर्यातीची खिडकी मात्र प्रत्येक पूर्वदर्शनाला बाजारात जाणारा तयार माल समजते आणि त्यासाठी लागणारे निर्णय अपुऱ्या नावांखाली लपवून मुलांच्या गळ्यात टाकते. आपली शिकवण्याची पुस्तके हा दोष दूर करत नाहीत, उलट तो पक्का करतात.

डबा आणि आतला जिन्नस

पहिला दोष नावांचा. खिडकीत विचारले जाते, ‘कोणत्या प्रकारची फाइल हवी?’ उत्तरे असतात एव्हीआय, एमपीफोर, एमओव्ही, एमकेव्ही, वेबएम. मुलांना आणि शिक्षकांना स्वाभाविकच वाटते की हे चित्र साठवण्याचे पाच प्रकार आहेत. प्रत्यक्षात हे पाच डबे आहेत. डब्यात चित्रांचा प्रवाह, आवाजाचा प्रवाह आणि त्यांची वेळ सांगणारी सूची असते. चित्रे कोणत्या पद्धतीने आवळून बसवली आहेत, हे डब्यावरून कळत नाही. ते ठरवतो कोडेक. कोडेक म्हणजे चित्रे आवळणारी आणि पुन्हा मोकळी करणारी जोडपद्धती. स्वयंपाकघरात एकाच घाटाच्या दोन डब्यांपैकी एकात रवा आणि दुसऱ्यात पोहे असू शकतात, तसेच हे आहे.

एव्हीआय हा डबा मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणला. त्यात सिनेपॅक असू शकते, इंडिओ असू शकते, किंवा काहीही न आवळता ठेवलेली चित्रे असू शकतात. एमपीफोर या डब्यात बहुधा २००३ साली प्रमाणित झालेले एच.२६४ असते, पण २०१३ सालचे एच.२६५ किंवा २०१८ सालचे एव्हीवनही असू शकते. ज्या संगणकावर त्या विशिष्ट कोडेकचे मोकळे करणारे अर्धे अंग नाही, तेथे डबा ओळखू येतो, पण उघडत नाही.

याचे रोजच्या व्यवहारातले उदाहरण पाहा. मातीच्या बाहुल्या थोड्या थोड्या हलवून मोबाइलवर चित्रण करणे अनेक शाळांत चालते. २०१७ पासून आयफोनमध्ये एच.२६५ वापरण्याची सोय आली. विंडोज १० आणि ११ मध्ये या कोडेकसाठीचा जोडभाग बहुधा मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून वेगळा घ्यावा लागतो. त्यामुळे एकाच वर्गातील दोन गटांच्या चित्रफितींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही. मुले एकमेकांकडे पाहतात, आणि ‘तुझे काहीतरी चुकले’ असा निष्कर्ष निघतो.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत कारण थोडे वेगळे असते. काही कोडेकांवर पेटंटचे हक्क असल्यामुळे अनेक लिनक्स वितरणे ते आपल्या मूळ संचात देत नाहीत. ते नंतर वेगळे बसवावे लागतात. ओपनटून्झमध्ये एमपीफोर फाइल करायची तर एफएफएमपेग ही वेगळी आज्ञावली संगणकावर असावी लागते आणि ती कोठे आहे हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. एफएफएमपेग हे २००० साली फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेले अत्यंत उपयुक्त काम आहे, आणि ओपनटून्झने ते सोबत न देण्यामागे समजण्यासारखी कारणे असू शकतात. परंतु ज्या विद्यार्थ्याला या व्यवस्थेची कल्पनाच नाही, त्याला आपली निवड यादीत का सापडत नाही हे कसे कळावे? यादीत नसलेल्या गोष्टीची कोणी तक्रारही करत नाही.

‘सर्वांत चांगले’ निवडले तर?

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण तो कष्टाळू विद्यार्थ्यालाच शिक्षा करतो. खिडकीत गुणवत्तेची निवड असते. आपल्या कामावर प्रेम असणारे मूल साहजिकच वरची पायरी निवडणार. तिचे परिणाम मोजून पाहू.

समजा, चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे आहे. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा यांसाठी एकेक बाइट, म्हणजे तीन बाइट लागतात. एका फ्रेमला ६२,२०,८०० बाइट झाले. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सुमारे १४९ मेगाबाइट होतात. दहा सेकंदांचे न आवळलेले पूर्वदर्शन दीड गिगाबाइटच्या घरात जाते. जुन्या पद्धतीच्या एव्हीआय फाइलला दोन गिगाबाइटची मर्यादा होती. ती १४ सेकंदांतच गाठली जाते. शाळांतील पुष्कळ पेन ड्राइव्ह अजून फॅट-३२ पद्धतीने आखलेले असतात. त्यांत एका फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा आहे. ती २९ व्या सेकंदाआधी संपते.

फाइल मावली तरी प्रश्न सुटत नाही. यूएसबी २.० चा कमाल वेग कागदावरच सेकंदाला ६० मेगाबाइट आहे. सेकंदाला १४९ मेगाबाइट मागणारे चलच्चित्र त्यावरून थेट चालवले तर ते अडखळत चालणार हे त्रैराशिकच सांगते. पाहणाऱ्याला मात्र वाटते की मुलाचे ॲनिमेशनच धक्के खाते. मग मूल घरी जाऊन, मुळात बरोबर असलेल्या हालचालींत ‘दुरुस्ती’ करत बसते. पूर्वदर्शनाने निरीक्षणाला मदत करायची, ते निरीक्षणच खोटे ठरवते.

‘लॉसलेस’ या निवडीचे आणखी विचित्र आहे. नाव ऐकून वाटते, काहीच न गमावणारी, म्हणजे सर्वांत सुरक्षित. एच.२६४ मध्ये कितीतरी उपप्रकार आहेत, त्यांना प्रोफाइल म्हणतात. अगदी काहीही न गमावता चित्र साठवायचे तर प्रचलित एक्स-२६४ ही आज्ञावली एक खास प्रोफाइल वापरते आणि ते मोबाइल, दूरचित्रवाणी संच व संगणकासोबत येणारे साधे प्लेअर यांपैकी बहुतेकांना वाचता येत नाही. डबा एमपीफोर, कोडेक एच.२६४, दोन्ही नावे अगदी बरोबर, तरी पडदा काळा! पीएनजी चित्रांची मालिका घेऊन एफएफएमपेगकडून थेट एच.२६४ करून घेतानाही असेच घडते. रंग साठवण्याची पद्धत आपण स्पष्ट सांगितली नाही, तर ते मूळ चित्रातील सर्व रंगमाहिती राखणारी पद्धत निवडते, आणि ती अनेक प्लेअरना झेपत नाही.

म्हणजे येथे ‘सर्वांत चांगले’ आणि ‘सर्वत्र चालणारे’ ही दोन वेगळी मापे आहेत. खिडकीत त्यांतले एकच दाखवले जाते. एखाद्या प्रयोगशाळेत तराजूची अचूकता लिहावी आणि त्यावर कमाल किती वजन ठेवता येते ते लिहू नये, तसा हा प्रकार झाला.

सम आणि विषम

तिसरा दोष लहान वाटतो, पण वर्गात वारंवार भेटतो. पूर्वदर्शन लवकर तयार व्हावे म्हणून चित्र निम्म्या आकाराचे करतात, आणि ते योग्यच आहे. १३६६ बाय ७६८ हा अनेक लॅपटॉपच्या पडद्यांचा आकार. त्याच मापाचे चित्र काढले आणि पन्नास टक्के निवडले की आकार होतो ६८३ बाय ३८४. आता एक्स-२६४ सर्वसाधारण पद्धतीत ही चित्रे घ्यायलाच नकार देते. का? कारण ६८३ ही विषम संख्या आहे.

यामागचे कारण सांगण्यासारखे आहे. आपला डोळा उजेड-अंधारातील बारीक फरक चटकन टिपतो, रंगातील बारीक फरक तितका टिपत नाही. याचा फायदा घेऊन व्हिडिओत प्रत्येक बिंदूची प्रखरता स्वतंत्र साठवतात. रंगाची माहिती मात्र दोन बाय दोन अशा चार बिंदूंना मिळून एकदाच साठवतात. चार बिंदूंना एरवी बारा संख्या लागल्या असत्या. येथे प्रखरतेच्या चार आणि रंगाच्या दोन, अशा सहाच लागतात. पुढचे सारे आवळणे सुरू होण्यापूर्वीच माहिती निम्मी झाली! पण चित्राचे दोन बाय दोनचे चौकोन पाडायचे तर लांबी आणि रुंदी सम हवी. ६८३ स्तंभांच्या जोड्या लावल्या की एक स्तंभ एकटा उरतो.

सहावीच्या मुलालाही कळेल असे हे गणित आहे. सॉफ्टवेअरने ‘रुंदी सम संख्या ठेवा’ एवढे चार शब्द दाखवले असते तर काम झाले असते. त्याऐवजी ‘कोडेक सुरू करता आला नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. अशा संदेशात कारण नसते आणि उपायही नसतो. प्रयोगवहीत मुलांनी ‘प्रयोग झाला नाही’ एवढेच लिहिले तर आपण ते स्वीकारत नाही. सॉफ्टवेअरकडूनही तीच अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

लाल किरण फिका का पडतो?

वर सांगितलेल्या रंगबचतीचा परिणाम विज्ञानाच्या चित्रांवर थेट होतो, आणि शिक्षकांनी तो मुद्दाम पाहावा. भिंगातून जाणारा प्रकाशकिरण दाखवण्यासाठी मुले गडद निळ्या पार्श्वभूमीवर एका बिंदूच्या जाडीची लाल रेघ काढतात. आजच्या एचडी व्हिडिओच्या प्रमाणानुसार प्रखरतेत लाल रंगाचा वाटा सुमारे २१ टक्के, हिरव्याचा ७२ आणि निळ्याचा फक्त ७ टक्के धरतात. लाल आणि निळा या दोघांचीही प्रखरता कमी, त्यामुळे ती रेघ मुख्यतः रंगाच्या फरकावरच उठून दिसत असते. आणि रंगच चार बिंदूंत मिळून एकदा साठवला जातो! शेजारच्या निळ्याशी मिसळून लाल किरण मळकट जांभळा होतो, तिरपा असेल तर तुटक दिसतो.

याला उपाय सोपा आहे. रेघ तीन-चार बिंदू जाड काढावी आणि रंगाबरोबर प्रखरतेचाही फरक ठेवावा. गडद निळ्यावर पिवळी रेघ उत्तम टिकते. पण हे सांगायला खिडकीही तयार नसते आणि पुस्तकही.

त्यानंतर फाइल व्हॉट्सॲपवरून पालकांना जाते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ तेथे पुन्हा आवळला जातो, त्यामुळे उरलेसुरले बारकावेही जातात. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. एवढी एक गोष्ट शिक्षकांनी सर्वांना सांगितली तरी पुष्कळ नुकसान टळेल.

निरीक्षणाच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. एच.२६४ प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवायची आणि इतर फ्रेमसाठी शेजारच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदलले तेवढेच लिहायचे, असा त्याचा मार्ग आहे. एक्स-२६४ वर सोपवले तर दोन पूर्ण फ्रेमांतील अंतर २५० फ्रेमांपर्यंत जाऊ शकते. सेकंदाला १२ फ्रेम असतील तर हे जवळजवळ २१ सेकंद झाले. दहा सेकंदांच्या लंबकाच्या चलच्चित्रात कदाचित पहिलीच फ्रेम पूर्ण असेल. सलग पाहताना काही कळत नाही. पण लंबक एका टोकाला कोणत्या फ्रेममध्ये पोहोचला हे मोजण्यासाठी एकेक फ्रेम मागे जाऊ लागलो, की प्लेअरला दर वेळी पहिल्या फ्रेमपासून हिशेब करत यावे लागते आणि तो अडखळतो. ज्याला मोजायचे आहे, त्याने हे अंतर कमी ठेवावे. ब्लेंडरमध्ये ते स्वतंत्रपणे ठरवता येते, आणि याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे. अगदी एकावर आणले तर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जाते. फाइल मोठी होते, पण मोजणी बिनधोक होते.

वीज गेली तर?

आता आपल्या परिस्थितीतला प्रश्न. समजा, त्रिमितीय चित्राच्या एका फ्रेमला २० सेकंद लागतात. दहा सेकंदांच्या, सेकंदाला १२ फ्रेम असलेल्या चलच्चित्रात १२० फ्रेम, म्हणजे ४० मिनिटांचे काम. पस्तिसाव्या मिनिटाला वीज गेली. एमपीफोर डब्यात कोणती फ्रेम कोठे आहे हे सांगणारी सूची सर्वसाधारणपणे सर्वांत शेवटी लिहितात. ती लिहिलीच गेली नाही, म्हणून आधीच्या १०५ फ्रेम डब्यात असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही डबा याबाबतीत अधिक सहनशील आहे. त्यातून झालेला भाग बहुधा पाहता येतो.

पण फ्रेमांची स्वतंत्र चित्रे साठवली असती, तर १०५ चित्रे सुखरूप राहिली असती आणि वीज आल्यावर १०६ व्या चित्रापासून काम पुढे नेता आले असते. ब्लेंडरची अधिकृत मार्गदर्शिका आधी चित्रांची मालिका करावी आणि मग तिचा व्हिडिओ करावा असाच सल्ला देते. सल्ला उत्तम आहे. खेद एवढाच, की तो मार्गदर्शिकेत राहतो आणि शाळेतील पुस्तकांत ‘एमपीफोर निवडून बटण दाबा’ एवढेच उरते.

पुस्तकांचा दोष

येथे सॉफ्टवेअरइतकाच आपल्या पाठ्यसाहित्याचाही हिशेब मांडला पाहिजे. व्हिडिओचे कोडेक म्हातारे होतात, हे आपल्या पुस्तकांच्या गावीही नसते. १९९० च्या दशकात शैक्षणिक सीडींवर सर्रास दिसणारा इंडिओ कोडेक २००९ साली मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज एक्सपी व त्याआधीच्या विंडोजमध्ये मोठ्या प्रमाणावर बंद केला. ॲपलने विंडोजसाठीच्या क्विकटाइमची देखभाल २०१६ साली थांबवली, आणि ते संगणकावरून काढून टाकावे असा इशारा अमेरिकी सरकारी यंत्रणेने दिला. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनानंतर अनेक जुन्या कोडेकांच्या फाइली मॅकवरही उघडेनाशा झाल्या. तरीही ‘एमओव्ही चालत नसेल तर क्विकटाइम बसवा’ असे वाक्य जुन्या टिपणांतून नव्या टिपणांत उतरत राहते. काही ठिकाणी तर इंटरनेटवरून ‘कोडेक पॅक’ उतरवून घ्यायला सांगतात. अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या अशा पुडक्यांतून शाळेच्या संगणकात काय शिरेल याची खात्री कोण देणार? पाहण्यापुरते व्हीएलसी हे प्लेअर पुरेसे आहे. बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असतात, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही.

या चंचल जगाच्या तुलनेत स्थिर चित्रे किती टिकाऊ आहेत, ते पाहा. जेपीईजीचे प्रमाण १९९२ सालचे, पीएनजीचे १९९६ सालचे. त्या काळात साठवलेली चित्रे आजही कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर उघडतात.

फाळक्यांचा वाटाणा

ही ‘आधी चित्रे, मग हालचाल’ अशी दृष्टी आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याची वाढ थोड्या थोड्या अवकाशाने एकेक फ्रेम घेत टिपली होती आणि ती चित्रफीत दाखवून भांडवल मिळवण्याचा प्रयत्न केला होता. फिल्मची पट्टी हातात घेतली की प्रत्येक फ्रेम डोळ्यांना दिसत असे. गती ही स्थिर चित्रांच्या मालिकेतून निर्माण होते, हे पट्टी स्वतःच शिकवत असे. एमपीफोर फाइलने ही पट्टी नजरेआड केली. चित्रांच्या मालिकेने भरलेले फोल्डर उघडले, की तीच पट्टी पुन्हा समोर येते. शिक्षणाच्या दृष्टीने हा फायदा वीज गेल्यावर काम वाचण्याच्या फायद्याहून मोठा आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिणारे बहुधा व्यावसायिक कलाकारांचा विचार करतात. त्यांना शेकडो पर्याय लागतात. मुक्त सॉफ्टवेअरचे पुष्कळसे काम स्वयंसेवक करतात आणि पेटंटचे कायदे त्यांनी केलेले नाहीत. चित्रांची मालिकाही सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. तिच्यात आवाज नसतो, शेकडो फाइली सांभाळाव्या लागतात, क्रमांक चुकले तर गोंधळ होतो. शिवाय शाळेबाहेर दाखवायला शेवटी व्हिडिओच लागतो. हे सारे मान्य करूनही, शिकणाऱ्याला सोयीची अशी एक ‘वर्गासाठी’ निवड या खिडकीत असावी, असे मला वाटते. डबा, कोडेक, रंगपद्धत आणि सम आकार हे चारही तिने एकत्र ठरवावेत आणि काय ठरवले ते शब्दांत लिहून दाखवावे.

वर्गात काय करता येईल?

अशी निवड येईपर्यंत शिक्षक पुढील क्रम पाळू शकतात.

पहिले, वर्गातल्या वर्गात पाहायचे असेल तर निर्यात करूच नये. पेन्सिलटूडीत चित्र सॉफ्टवेअरमध्येच चालवता येते, ओपनटून्झमध्ये त्यासाठी ‘फ्लिपबुक’ आहे, ब्लेंडरमध्ये तयार झालेल्या फ्रेम चालवून दाखवणारी ‘व्ह्यू ॲनिमेशन’ ही आज्ञा आहे.

दुसरे, काम साठवताना पीएनजी चित्रांची मालिका करावी. क्रमांक ०००१ पासून द्यावेत. सेकंदाला किती फ्रेम हे फोल्डरच्या नावातच लिहावे, कारण चित्रांच्या फाइलींना ते ठाऊक नसते.

तिसरे, शाळेबाहेर न्यायचे असेल तेव्हाच व्हिडिओ करावा. डबा एमपीफोर, कोडेक एच.२६४, रंगपद्धत ४:२:०, लांबी-रुंदी सम, ‘लॉसलेस’ नको. हे पाच शब्दप्रयोग वर्गातील संगणकाजवळ कागदावर लिहून लावावेत. पेटंटचा प्रश्न टाळायचा असेल तर २०१० साली खुला झालेला वेबएम हा डबा आहे. मात्र तो समोरच्या संगणकावर चालतो का, हे आधी पाहून घ्यावे.

चौथे, जेथे दाखवायचे त्या संगणकावर दोन सेकंदांचा तुकडा आधी चालवून पाहावा. कोणतेही उपकरण वापरण्याआधी आपण ते तपासतो, तसेच हे. केरळप्रमाणे सर्व शाळांना एकच संगणकसंच मिळाला, तर असा प्रश्न एकदाच सोडवून भागते. जेथे एकाच शाळेतील दोन संगणकही सारखे नसतात, तेथे तपासणीला पर्याय नाही.

पाचवे, फाइल उघडली नाही तर तो तास वाया गेला असे समजू नये. व्हीएलसीमध्ये ‘कोडेकची माहिती’ दाखवणारी खिडकी आहे. चालणारी आणि न चालणारी अशा दोन फाइली तिच्यात उघडून मुलांना फरक शोधायला लावावा. डबा तोच असून आतले कोडेक वेगळे आहे, हे त्यांनी एकदा स्वतः पाहिले की ते विसरत नाहीत. सहा लाख बाइटची फाइल आणि साठ लाख बाइटची फाइल यांतले गुणोत्तर काढणे हा नववीच्या वर्गासाठी चांगला सराव आहे.

शेवटची विनंती प्रदर्शनांच्या संयोजकांना आणि परीक्षकांना आहे. नियमावलीत ‘व्हिडिओ फाइल सादर करावी’ असे लिहिताना डबा आणि कोडेक या दोहोंची नावे लिहावीत आणि सोबत फ्रेमांचे फोल्डरही स्वीकारले जाईल असे जोडावे. व्हिडिओ चालला नाही तर फोल्डर उघडून चित्रे पाहावीत, मुलांना प्रश्न विचारावेत आणि मग गुण द्यावेत. चंद्र कोणत्या फ्रेममध्ये कोठे आहे हे जिने मोजले आहे, ती ते तोंडीही सांगू शकेल.